टेकडी फेब्रुवारीत जळते, काम ऑक्टोबरमध्ये असते

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोंढवा बुद्रुकच्या ११.८९ हेक्टर राखीव वनजमिनीबद्दल निकाल दिला, तेव्हा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर टाळ्या वाजत होत्या. टाळ्या योग्यच होत्या. १८७९ साली राखीव वन म्हणून जाहीर झालेली ही जमीन १९९८ मध्ये शेतीसाठी म्हणून एका कुटुंबाला देण्यात आली, तिथून ती एका गृहनिर्माण संस्थेकडे गेली आणि २००७ मध्ये तिच्यावरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरीही मिळाली. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हे वाटप बेकायदा ठरवले, जमीन तीन महिन्यांत वन विभागाच्या ताब्यात द्यायला सांगितले आणि राजकारणी, नोकरशहा व बिल्डर यांच्या संगनमताचा हा नमुना आहे असे स्पष्ट लिहिले.

निकाल वाचून माझ्या मनात आलेला प्रश्न साधा होता. जमीन परत मिळाली, ठीक. पण फेब्रुवारीत तिच्यावरचे गवत पेटेल तेव्हा तिथे कोण असेल?

कोंढवा, महंमदवाडी, येवलेवाडी, कात्रज या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे दृश्य नवीन नाही. होळीच्या आगेमागे रात्री गच्चीवर गेलात की बोपदेव घाटाच्या उतारावर एक केशरी रेघ हळूहळू वर सरकताना दिसते. कोणी व्हिडिओ काढतो, कोणी ‘सुभानअल्लाह, काय दिसतंय’ म्हणतो. सकाळी उतार काळा झालेला असतो, वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीचे तुकडे असतात. दोन दिवसांनी आपण विसरतो. जूनमध्ये पाऊस पडतो, टेकडी हिरवी होते आणि आपल्याला वाटते की सगळे पूर्ववत झाले. हिरवी होते ती गवताने. त्या उतारावर जी दोन-तीन वर्षांची रोपे होती ती गेलेली असतात, आणि ती गेली हे खालून दिसतही नाही.

शहराजवळची सार्वजनिक वनजमीन दोन वाटांनी जाते. एक वाट फाइलींची. ती न्यायालयात पकडता येते, तिला तारखा असतात, सह्या असतात. दुसरी वाट वणव्याची. रोपाला कमरेच्या वर जायला तीन-चार वर्षे तरी लागतात, आणि त्या काळात एकदा जरी गवताची आग त्याच्या बुडातून गेली तरी ते बहुधा संपते. काही चिवट झाडे मुळातून पुन्हा फुटतात, पुढच्या वर्षी पुन्हा भाजली जातात. दहा-पंधरा वर्षे असे चालले की वर उरते कुसळी गवत आणि थोडी गिरिपुष्पाची झुडपे. मग कोणीतरी, बहुधा हातात नकाशा असलेला कोणीतरी, विचारतो की इथे जंगल आहेच कुठे? पहिल्या वाटेची सुरुवात पुष्कळदा दुसऱ्या वाटेच्या शेवटाला होते. म्हणून वणवा हा मला निव्वळ पर्यावरणाचा विषय वाटत नाही. सार्वजनिक मालमत्ता सार्वजनिक राहते की नाही, याचाही तो विषय आहे.

(गवताळ माळ हाही निसर्गाचाच एक प्रकार आहे आणि सगळीकडे झाडेच हवीत हा हट्ट चुकीचा आहे, हे मला मान्य आहे. पण माळावरही टिटवी, चंडोल जमिनीवर अंडी घालतात ती उन्हाळ्यात. एप्रिलमध्ये पेटलेला माळ त्यांच्याही कामाचा नसतो.)

वणवा म्हटले की आपल्या पिढीच्या डोळ्यांपुढे जानेवारी २०२५ चे लॉस एंजेलिस येते. जळणारे बंगले, उडणारे निखारे, विमानातून टाकले जाणारे पाणी. आपल्याकडची आग तशी नसते. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या या टेकड्यांवर बहुतेक वेळा जळते ते जमिनीलगतचे वाळलेले गवत आणि पालापाचोळा. ज्वाळा गुडघ्यापर्यंत, फार तर कमरेपर्यंत. ती फ्लॅटपर्यंत येत नाही, म्हणून बातमी होत नाही. आणि ती इतकी लहान असते की सुरुवातीच्या पंधरा-वीस मिनिटांत हिरव्या डहाळ्या घेतलेली पाच-सहा शिकलेली माणसे तिला झोडपून विझवू शकतात. लॉस एंजेलिसबद्दल हे म्हणता येत नाही. आपली आग आटोक्यात येण्याजोगी आहे, हीच तर खरी लाजेची गोष्ट आहे.

ती लागते कशी? या दिवसांत आपल्याकडे वीज पडून वणवा लागल्याचे सहसा ऐकू येत नाही. लावतो तो माणूस, कधी हेतूने, बहुतेकदा निष्काळजीपणे. कडेच्या शेतात बांध पेटवला जातो आणि वारा फिरतो. पुढच्या वर्षी गवत चांगले येते या जुन्या समजुतीने कोणी काडी टाकतो. प्लॉट ‘साफ’ करायचा असतो. आणि शहराच्या कडेला सगळ्यात नेहमीचे कारण म्हणजे कचरा. टेकडीच्या पायथ्याशी राडारोडा आणि प्लास्टिक टाकले जाते, रात्री कोणी ते पेटवते, तिथून आग गवतात शिरते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्यासाठी पंचवीस हजार रुपये दंड ठरवून दिला. तुमच्या सोसायटीच्या मागे झाडलोट करून पाने जाळणाऱ्या माळ्याला, किंवा त्याला तसे सांगणाऱ्या सेक्रेटरीला, हे माहीत आहे का ते विचारून पाहा.

आता माझ्या व्यवसायाबद्दल थोडे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि आमच्या जमातीला प्रत्येक प्रश्नावर एक अ‍ॅप सुचते. वणव्यासाठी अशी व्यवस्था आधीच आहे. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या आधारे आगीच्या सूचना देते. तिच्या संकेतस्थळावर कोणीही मोफत नोंदणी करू शकतो, तुमच्या जिल्ह्यात आग दिसली की फोनवर संदेश येतो. मी नोंदणी केली आहे, तुम्हीही करा. पण ती काय पाहू शकते आणि काय नाही, हे समजून करा.

या सूचना प्रामुख्याने दोन संवेदकांवरून येतात. मोडिसचा एक ठिपका एक किलोमीटर लांब-रुंद असतो, व्हिअर्सचा पावणेचारशे मीटरचा. म्हणजे व्हिअर्सच्या एका ठिपक्यातच सुमारे पस्तीस एकर मावतात. कोंढव्याची ती वादातली अख्खी जमीन एकोणतीस एकर आहे. एका ठिपक्यापेक्षा लहान. त्याहून लहान आगही पुरेशी तापली तर टिपली जाते, पण त्यासाठी उपग्रह त्या वेळी डोक्यावर असावा लागतो. सुओमी एनपीपी हा ढोबळमानाने दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातो. टेकडीवरची आग लागते संध्याकाळी चार-पाचला, ऊन कललेले असते, वारा सुटलेला असतो. रात्री नऊपर्यंत उतार जळून थंड होतो. उपग्रहाच्या दृष्टीने ती आग झालीच नाही. मी गच्चीवरून डोळ्यांनी पाहिलेल्या आगीबद्दल माझ्या फोनवर काही आले नाही असे एकदा नव्हे, अनेकदा झाले आहे. गडचिरोलीच्या किंवा मेळघाटच्या विस्तीर्ण जंगलात ही व्यवस्था मोलाची आहे. शहराच्या कडेच्या टेकडीवर उपग्रहापेक्षा तिसऱ्या मजल्यावरची आजी जास्त उपयोगी आहे.

दुसरी गोष्ट कोणत्याही ऑन-कॉल केलेल्या इंजिनिअरला ठाऊक असते. अलर्ट येऊन उपयोग नसतो, तो उचलणारा माणूस लागतो. इथे तो माणूस म्हणजे वनरक्षक. त्याच्याकडे एक बीट असते, म्हणजे नियत क्षेत्र, ज्यात एकाहून जास्त गावांची वनजमीन येते. अतिक्रमण, तस्करी, विहिरीत पडलेला प्राणी, घरात निघालेला साप, मंत्र्यांचा वृक्षारोपण कार्यक्रम, हे सगळे त्याच्याकडेच. आमच्या बाजूला काम केलेल्या एका वनरक्षकाने मला सांगितले होते की आगीचा फोन येतो तेव्हा तो बहुतेक वेळा बीटच्या दुसऱ्या टोकाला असतो आणि शहराच्या ट्रॅफिकमधून मोटरसायकलवर येईपर्यंत पाऊण तास जातो. त्याच्याबरोबर उन्हाळ्यापुरते घेतलेले एक-दोन हंगामी अग्निरक्षक, एखादा ब्लोअर. अग्निशमन दलाचा बंब रस्त्यापर्यंत येतो, वर चढत नाही. ३ डिसेंबर २०१८ च्या संध्याकाळी मुंबईत गोरेगाव पूर्वेला आयटी पार्कच्या मागच्या डोंगरावर मोठी आग लागली, तेव्हा देशातले बहुधा सर्वांत सुसज्ज अग्निशमन दल हाताशी होते. तिथेही अडचण हीच होती, गाड्या वर जाऊ शकत नव्हत्या.

त्या आगीची तारीख पुन्हा पाहा. डिसेंबरची तीन. आपल्या राज्यात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरायची पद्धत आहे आणि जाळरेषा, हंगामी माणसे, सगळे नियोजन त्या तारखेला बांधलेले असते. भारतीय वन सर्वेक्षण मात्र हंगाम नोव्हेंबरपासून धरते. शहराच्या कडेला हेच खरे आहे, कारण इथे गवत वाळायचा अवकाश, काडी टाकणारे हात जवळच असतात.

जाळरेषा हा शब्द ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो, कारण सगळी भिस्त या एका साध्या गोष्टीवर आहे. वनजमिनीच्या हद्दीने आणि आतल्या भागात ठरावीक अंतरावर काही पावले रुंदीची पट्टी आखतात. तिच्यातले गवत कापून पसरतात, वाळू देतात, आणि थंडीत, दव असताना, वारा पडलेला असताना, माणसे दोन्ही बाजूंना उभी करून ती पट्टी मुद्दाम जाळून टाकतात. पुढे आग लागली की ती या उघड्या पट्टीशी येऊन थांबते, किंवा निदान अडते. दीडशे वर्षांपूर्वीचे तंत्र आहे, विळा आणि काडेपेटी एवढेच सामान लागते. पण ते वेळेत, अखंड आणि दरवर्षी करावे लागते. जाळरेषा शंभर मीटर राहिली तर राहिलेल्या शंभर मीटरमधूनच आग जाते. निधी उशिरा आला, मजूर मिळाले नाहीत, कागदावर पूर्ण झाली आणि डोंगरावर अर्धी राहिली, या तिन्ही गोष्टी घडतात. नव्या झाडांची संख्या मात्र दरवर्षी मोठ्या फलकावर असते. २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी, २०१९ मध्ये ३३ कोटी, अशी राज्याच्या वृक्षलागवडीची उद्दिष्टे होती. किती किलोमीटर जाळरेषा वेळेत काढली याचा फलक मी आजवर पाहिलेला नाही. आपल्या मशिदींमध्येही पावसाळ्यात झाड लावणे सदका आहे हे सांगतात, मुले जाऊन शंभर रोपे लावून येतात, फोटो येतात. चांगले आहे. ती शंभर रोपे मार्चमध्ये कोणी पाहिली?

यापुढचा मुद्दा काही पर्यावरणवादी मित्रांना आवडणार नाही. टेकडीवर जळायला एवढे गवत येते कुठून? आमच्या गल्लीत एक बकरीवाले चाचा आहेत. त्यांच्या वडिलांच्या काळी या उतारांवर शेळ्या आणि गवळ्यांच्या म्हशी चरत, बाया गवताचे भारे डोक्यावरून खाली आणत. आता भिंत आहे, पाटी आहे, चराईबंदी आहे. चाचा म्हणतात, ‘पहले घास हमारे जानवर खाते थे, अब आग खाती है.’ चाचांचे सगळे खरे नाही. शहराजवळच्या लहानशा तुकड्यावर मोकळी चराई दिली तर एकही रोप वर येणार नाही, आणि ईदच्या आधी कोंढव्यात जितके बकरे येतात तितके त्या टेकडीवर सोडले तर माती उरणार नाही. पण त्यांच्या बोलण्यातला निम्मा भाग पक्का आहे. चराई बंद केली आणि गवत नेण्याची दुसरी सोय केली नाही, तर आपण दरवर्षी ऑक्टोबरमध्ये एक मोठी सरणाची चळत रचून फेब्रुवारीची वाट पाहत बसतो.

महाराष्ट्राला याचे उत्तर नवे नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, पण गवत कापून न्यायला ठरावीक शुल्क घेऊन मुभा दिली. जनावर डोंगरावर जात नाही, गवत खाली येते. वन विभागही पूर्वीपासून कुरणांवरच्या गवताचा लिलाव करत आला आहे. मग कोंढवा-महंमदवाडीच्या वनजमिनीवर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, गवत हिरवे आणि कसदार असताना, परवाना देऊन कापणी का होऊ नये? पुण्याच्या आसपास गोठे आहेत, शेळीपालन करणारे आहेत, त्यांना चारा विकत घ्यावा लागतो. कापणारे रोपेही कापतील ही वन विभागाची भीती रास्त आहे. त्यासाठी रोपांना काठ्या-फडकी बांधून खूण करता येते आणि पहिल्या वर्षी फक्त हद्दीलगतचा पट्टा देऊन पाहता येतो. तो पट्टा म्हणजे अर्धी जाळरेषाच झाली, तीही कोणीतरी पैसे देऊन काढलेली.

कायद्याकडे येतो. भारतीय वन अधिनियम, १९२७. राखीव वनात आग लावणे हा कलम २६ खाली गुन्हा आहे, हे ठीक. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे, ती फारशी कोणी वाचत नाही: आग हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल तर सरकार त्या वनातले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क हवे तितके दिवस स्थगित करू शकते. लावली एकाने, शिक्षा सगळ्या गावाला. इंग्रजांची ही रीत आपल्याला वेगळ्या संदर्भात चांगली ओळखीची आहे. आज शहरात ती कायद्याने नाही, पण मोबाइलवर चालते. आग लागली की अर्ध्या तासात कुठल्या तरी ग्रुपवर ‘त्या वस्तीतल्या पोरांनी लावली’ असा मेसेज फिरतो. वस्ती पायथ्याची असते, पोरे गरीब असतात, आणि कोंढव्याचे नाव आले की शहराच्या काही भागात भुवया कशा वर जातात हे तुम्हाला सांगायला नको. आग कुठे सुरू झाली, किती वाजता, वारा कुठला होता, यातले काहीही त्या मेसेजमध्ये नसते.

याला रागाने उत्तर देण्यात मला रस नाही, नोंदीने देण्यात आहे. आग दिसली की चार गोष्टी लिहायच्या: वेळ, ठिकाण, धूर कुठल्या दिशेला जातोय, आणि सुरुवातीचा एक फोटो. मोबाइलच्या फोटोत अक्षांश-रेखांश आपोआप बसतात, लोकेशन तेवढे सुरू ठेवा. पाच-सहा जणांनी वेगवेगळ्या गच्च्यांवरून असे फोटो काढले की आग कुठून निघाली हे बऱ्यापैकी नेमके सांगता येते. एका हंगामाच्या नोंदी नकाशावर ठेवल्या की दिसू लागते की त्याच त्या तीन-चार जागा पेटतात: कचऱ्याचा ढीग, रस्त्याचे वळण, दारू प्यायला बसायची जागा. त्या जागी पुढच्या वर्षी जाळरेषा रुंद करा, ढीग उचला, बाकडी हलवा. ‘कोणी लावली’ यापेक्षा ‘कुठून लागते’ हा प्रश्न टेकडीच्याही कामाचा आहे आणि वस्तीतल्या पोरांच्याही.

त्याच अधिनियमाचे कलम ७९ पाहा. वनात ज्यांना काही हक्क किंवा परवानगी आहे त्यांनी, आणि लगतच्या गावातल्या सरकारी पगारदारांनी, आगीची खबर दिली पाहिजे आणि ती विझवायला लागले पाहिजे, असे बंधन त्यात आहे. कायद्याच्या डोळ्यांपुढे गाव होते. गावाचा वनावर हक्क, म्हणून गावावर जबाबदारी. आता त्या गावाच्या जागी दहा-दहा मजली टॉवर आहेत. माझा त्या वनावर चराईचा हक्क नाही, लाकडाचा नाही, माझा पगार खासगी कंपनीचा आहे. टेकडीच्या सगळ्यात जवळ राहणाऱ्या हजारो माणसांचे या कायद्याशी नातेच नाही. हक्क नाही, म्हणून जबाबदारी नाही, आणि जबाबदारी नाही म्हणून कोणी आपल्याला विचारतही नाही. शहराकडेच्या वनांसाठी ही पोकळी भरायला हवी, आणि ती भरायला वरून आदेश येण्याची वाट पाहायची गरज नाही. ग्रामीण भागात संयुक्त वन व्यवस्थापन समित्या आहेत. पुण्यातच वारज्याला नागरिक आणि वन विभाग यांनी मिळून उभे केलेले वन आहे. २०२० मध्ये केंद्राने नगर वन योजना जाहीर केली तेव्हा त्याचाच दाखला दिला होता. म्हणजे वन विभाग शहरातल्या माणसांना दारात उभे करतो. फक्त त्या दारात आपण कमी दिसतो.

कोणी म्हणेल, आमच्याकडे टँकरने पाणी येते, फुटपाथ नाहीत, आणि तुम्ही टेकडीचे गवत घेऊन बसलात. पाण्याचा प्रश्न मोठा आहे, मीही त्या रांगेत आहे. पण आपल्या भागात मोकळी सार्वजनिक जागा किती आहे ते मोजा. सकाळी सहाला बुरखा आणि स्पोर्ट्स शूज घालून ज्या बाया टेकडीकडे चालायला जातात, त्यांच्यासाठी दुसरी बाग नाही. शाळकरी मुलांसाठी मैदान नाही. वनजमीन ही आपल्याकडची एकच जागा आहे जिथे जायला कोणाची मेंबरशिप लागत नाही. ती उजाड झाली की तिच्यावर काय येईल हे २००७ च्या त्या मंजुरीने आधीच सांगून ठेवले आहे.

जायचे असेल तर शिकून जा, यात मला कुठलीही तडजोड नको. ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरावर ट्रेकला गेलेले वीसहून जास्त लोक वणव्यात गेले, त्यांत आयटीत काम करणारेही होते, आपल्यासारखेच. जून २०२४ मध्ये उत्तराखंडच्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले चार वनकर्मचारी जागीच गेले. आग चढावर धावते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि माणूस चढावर तिच्याहून हळू असतो. म्हणून आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभे राहायचे नाही. जळून गेलेल्या काळ्या भागातून, बाजूने, तिच्या मागे जायचे. वाऱ्याची दिशा बदलली की निघायचे. वनरक्षक किंवा अनुभवी माणूस बरोबर नसेल तर वर जायचेच नाही, खालून फोन करायचा आणि नोंद ठेवायची. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे, अग्निशमन दल १०१. हिरो व्हायला येणाऱ्या पोरांपेक्षा शांतपणे नोंद लिहिणारी पोरगी मला या कामात जास्त हवी आहे.

पैशांचेही विचारा. वणवा प्रतिबंधासाठी केंद्राची स्वतंत्र योजना आहे, वनजमीन दुसऱ्या कामाला दिली की जमा होणारा कॅम्पाचा निधीही त्यासाठी वापरता येतो. डिसेंबर संपता-संपता माहिती अधिकारात एक साधा अर्ज करा: आपल्या बीटमध्ये कोणकोणत्या कक्ष क्रमांकात किती मीटर जाळरेषा मंजूर आहे, किती पूर्ण झाली, हंगामी अग्निरक्षक किती आणि कुठल्या तारखेपासून. मागच्या वर्षी असे विचारायला मी एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात तीनदा गेलो, प्रत्येकाने टेकडी दुसऱ्याची असल्याचे सांगितले. लेखी अर्जाला तसे सांगता येत नाही. त्याला सर्व्हे नंबरसह उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर आल्यावर निदान हे कळते की कुठला तुकडा वन विभागाचा, कुठला महसूलचा, कुठला महापालिकेचा आणि कुठला खासगी.

हे तुम्ही वाचाल तेव्हा कुसळीचे गवत पिवळे पडू लागलेले असेल, तिची टोके मोज्यांत अडकायला लागली असतील. आमचे अकरा जण झाले आहेत, त्यांत चार मुली आणि एक निवृत्त तलाठी. आमच्या बाजूच्या वनपालांनी पहिल्या दिवशी हद्दीची पट्टी दाखवायला आणि विळा कसा धरायचा ते शिकवायला होकार दिला आहे. चाचाही येणार आहेत, त्यांना कापलेले गवत हवे आहे. रविवारी सकाळी साडेसहाला, फजरनंतर, पायथ्याच्या पाण्याच्या टाकीजवळ. जाड सुती कपडे घाला, पॉलिएस्टरचा टी-शर्ट नको, बूट बंद असू द्या, आणि पाणी स्वतःचे आणा.